परतूरच्या खोलीत लाइन गेली तेव्हा

परतूरच्या महिला समुपदेशन केंद्रात नेटवर्कचं काम माझ्याकडे होतं. समुपदेशक ताई जालन्याला बसायच्या आणि बायका इथून पडद्यावर त्यांच्याशी बोलायच्या.

त्या दुपारी एक बाई आली. तिशीची असेल. मी माइक लावून बाहेर निघाले, तर माझा हात धरून म्हणाली, "तुमी थांबा."

बराच वेळ ती साडीचा काठ चाचपत राहिली. मग एकदम बोलली, "मला त्या घरात न्हाई जायचं ताई. परवा दिरानं..." आणि पडदा गोठला. ताईंचा चेहरा तसाच, डोळे तिच्यावर.

रस्त्याच्या खोदकामात पुढे कुठेतरी केबल तुटली होती. आमच्या खोलीतल्या राउटरवरचा दिवा मात्र हिरवाच, कारण जवळच्या खांबापर्यंतची तार शाबूत होती. राउटर लाइनच्या पलीकडच्या टोकाच्या राउटरला थांबून थांबून 'आहेस का?' अशी हाक देतो. बऱ्याच हाका वाया गेल्याशिवाय तो लाइन मेली असं मानत नाही, आणि तोवर अंबडवरून जाणारी दुसरी वाट धरत नाही.

"ताई काय बोलंनात," ती म्हणाली.

"लाइन गेलीय. त्यांना ऐकूच आलं नसेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं नाही.

पडदा हलला. ताई म्हणाल्या, "आवाज तुटला होता. बोला, काय म्हणत होतात?"

"काय न्हाई. आसंच आल्ते."

ताईंनी खूप समजावलं. ती पदर सावरत उठली. जे कानावर पडलं ते मी ताईंना सांगितलं. त्यांनी गावात माणूसही पाठवला. घरच्यांनी ती माहेरी गेल्याचं सांगितलं. माहेर कुठलं, ते सांगितलं नाही. ती पुन्हा आली नाही.

झटपट हाका देण्याची सोय आमच्या राउटरमध्ये होती, पण पलीकडचं यंत्र जुनं होतं, आणि दोन्ही टोकांना ती असल्याशिवाय चालत नाही. ते यंत्र पुढच्या वर्षी बदललं. आता सेकंदात कितीतरी वेळा विचारपूस होते, आणि दोन-तीन उत्तरं चुकली की वाट लगेच बदलते.

मध्यंतरी केबल पुन्हा तुटली. पडद्यासमोर एक म्हातारी सुनेबद्दल सांगत होती. चित्र जरासं थरथरलं, ती बोलतच राहिली.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "आज लाइन बराबर होती हं," त्या म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. केबल तुटल्याचं त्यांना कळलंही नव्हतं, मला मात्र ते अर्धवट राहिलेलं "परवा दिरानं..." ऐकू येत होतं.