खिडकीपाशी माशी शिंकली

बाकीचे लोक कामाच्या जागी माश्या मारतात, माझी आत्या माश्या बांधायची. मासे पकडायच्या गळावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या. पाण्यावर टाकल्या की माशांना त्या खऱ्या वाटल्या पाहिजेत, एवढंच काम. पण आत्याच्या माश्या टेबलावर दिसल्या तर माणसंसुद्धा हाताने हाकलायला जायची. ती कामाला होती त्या गळ-दोऱ्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, एकुलत्या एका खिडकीशी तिची खुर्ची होती. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर ती शेजारी उभी राहून, बसणारा उठेपर्यंत खाकरत राहायची.

आत्याला कौतुक आवडायचं, असं म्हणणं फारच सौम्य झालं. दुसऱ्याचं झालेलं कौतुक आपल्या वाटणीतून कापून दिलंय, असा तिचा समज होता. शेजारणीच्या कुंडीला फूल आलं तरी हिचं तोंड उतरायचं. आम्ही घरात हसायचो. मग माझी आई त्याच खोलीत कामाला लागली आणि आमचं हसणं बंद झालं.

आई म्हणजे आत्याची वहिनी. आणि डावखुरी. गळ पकडून ठेवणारा टेबलावरचा चिमटासुद्धा तिला उलट्या बाजूला फिरवून लावावा लागायचा. तिला जागा मिळाली कोपऱ्यात, ट्यूबलाइटखाली. सुरुवातीला तिच्या माश्या म्हणजे चिंध्यांचे बोळे असायचे. तेव्हा आत्या मोठ्या मनाने म्हणायची, "जमेल हो वहिनी, जमेल." खरोखरच जमायला लागलं, तशी ती हे म्हणेनाशी झाली.

आत्याच्या माशीची एक खासियत होती. कितीही भिजली तरी तिचे पंख पडायचे नाहीत. इतरांच्या माश्या चारदोनदा पाण्यात गेल्या की पंख ओल्या झाडूसारखे अंगाला चिकटायचे. हे कसं साधतं ते आत्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं तर "त्याला हात लागतो" म्हणून मोकळी व्हायची. आणि एक दिवस एका गिऱ्हाइकाने आईच्या माशीबद्दल नेमकं तेच सांगितलं, "दिवसभर पाण्यात होती, पण पंख ताठ!" मी तिथेच बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आत्याच्या हातातलं दोऱ्याचं रीळ सुटलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं.

त्यात मालकांनी आगीत तेल ओतलं. वकीलसाहेब म्हणून एक जुने गिऱ्हाईक होते, कोर्टापेक्षा नदीवर जास्त सापडणारे. ते माश्यांच्या मोठ्या ऑर्डरसाठी नमुने निवडायला यायचे होते. मालक म्हणाले, "दोघींनी आपापली डबी ठेवा. साहेब जिची माशी उचलतील, तिने पुढचं काम करायचं. आणि त्या कामाला उजेड लागतो, तेव्हा खिडकी तिची." आत्या "बरं" म्हणाली. तिच्या तोंडून इतकं छोटं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे बाहेर पडलो. आत्याने पोट बरं नसल्याचं सांगितलं. आम्ही दिसेनासे झाल्यावर तिने आईच्या डबीतली एक माशी उचलली, चिमट्यात धरली आणि ब्लेडच्या टोकाने सोडायला घेतली. बांधणाऱ्याचं गुपित काढायचं तर दुसरा मार्गच नसतो. आधी डोक्याकडचा दोरा सुटला, मग पीस, मग लोकर. आणि लोकरीखाली, पंखांच्या बुडाशी, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी तिला तो सापडला. पंखांमधून आडवा जाऊन स्वतःखालीच दाबलेला दोऱ्याचा एक वेढा. तिचा वेढा. तिने स्वतः शोधलेला, आजवर लोकरीखाली झाकून ठेवलेला.

"अंगाची नुसती लाही लाही झाली," असं ती पुढे सांगायची. पण सुट्टी संपत आली होती आणि समोर माशीच्या जागी चिमूटभर कचरा पडला होता. डबीत एक कमी दिसली असती. तिने तोच गळ, तीच पिसं घेऊन माशी पुन्हा बांधली. भराभरा, दातओठ खात. मी आजवर पाहिलेल्या माश्यांत तिच्याइतकी देखणी दुसरी नाही.

अर्थात वकीलसाहेबांनी तीच उचलली. पेल्यातल्या पाण्यात बुडवली, झटकली, पुन्हा बुडवली. "वा! ही कुणाची?"

"यांच्या डबीतली," मालकांनी आईकडे हात केला.

मग साहेब सुटलेच. काय तो हात, काय ती नजर, असं काम हल्ली बघायला मिळत नाही. वहिनीचं इतकं कौतुक आत्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्यातला शब्दन् शब्द तिचा स्वतःचा होता. गप्प बसावं तर खिडकी जाणार, बोलावं तर अब्रू जाणार. खिडकीचं दुःख तिने कदाचित गिळलंही असतं. पण आपलं कौतुक दुसरीच्या पदरात पडताना तिला बघवेना.

"ती माझी आहे!" आत्या ओरडली.

मालक हसले. "ताई, आता पुरे. दुसरीच्या डबीतली माशीसुद्धा तुमचीच का?"

आत्याचे डोळे भरून आले. खरं बोलून खोटं पडण्याची तिची ती बहुधा पहिलीच वेळ. आईने पुढे होऊन माशी हातात घेतली आणि भिंगाखाली धरली. बराच वेळ पाहिली. ती नुसती गप्प राहिली असती तरी खिडकी तिची होती.

"त्यांचीच आहे," आई म्हणाली. "दोरा बघा. उजव्या हाताने गुंडाळलाय. माझा उलटा फिरतो."

कुठे माशी शिंकली ते आत्याला तेव्हा कळलं. तिने सगळी नक्कल केली होती, पण रागात हात आपल्या वळणानेच गेला होता.

"म्हणजे माझी तुम्ही सोडलीत, वन्सं," आई हळू आवाजात म्हणाली. "सापडलं का, काय हवं होतं ते?"

"माझाच वेढा सापडला!" आत्या फणकारली. "कुणी दाखवला तुम्हाला?"

"कोण दाखवणार? दुकानातून तुमच्या माश्या विकत घेतल्या आणि घरी बसून सोडल्या. दुसऱ्या कुणाची सोडून बघावीशी वाटलीच नाही."

मालकांच्या हे सगळं डोक्यावरून गेलं. माशी आत्याची, म्हणून त्यांनी खिडकी आत्याकडेच ठेवली. आईने फक्त आपलं टेबल ओढून तिच्या समोर आणलं. उजव्या हाताला उजेड डावीकडून लागतो, डाव्याला उजवीकडून, त्यामुळे समोरासमोर बसलं की एकच खिडकी दोघींना पुरते. आत्या शेवटपर्यंत त्याला अतिक्रमण म्हणायची.

पण त्या दुपारी ती नुसतीच पिसं चाळत बसली होती. इतक्या वर्षांत तिच्या झाकलेल्या वेढ्यापर्यंत एकच माणूस पोचलं, आणि ते नेमकं हेच निघालं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. अखेर मान वर न करता तिने विचारलं, "किती सोडल्यात?"

"तीन," आई म्हणाली. "तिसरीत सापडला."

"तीन लागल्या?" आत्याचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच उजळला. "मला एकीतच कळलं."