लाल फुलीचं पुडकं

बदलापुरात हेंद्रेपाड्याला आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायचं खूळ मीच आणलं. ओल्याचं खत घरीच करायचे, आणि 'आमच्याकडून आठवड्याला एकच पिशवी जाते' हे कुणी न विचारता सांगत सुटायचे. मिरवायची हौस दांडगी.

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळल्या. त्यांचे डायपर कागदात गुंडाळून, वर लाल फुली मारून वेगळे द्यावे लागत. कचरा नेणाऱ्या बाईंना आत काय आहे ते कळावं, म्हणून. रोज सकाळी दारात तीन-चार पुडकी. एकदा शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडून पण आता बराच माल निघतो की." मी हसून म्हटलं, "काय करणार, आमचा सगळा कचरा आता आईंचाच." दार उघडंच होतं आणि त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीशी होता.

पुढे पुडकी कमी झाली. तिनाची दोन, दोनाचं एक. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "आई, आज एकच हं," असं मी लहान मुलाचं कौतुक करावं तसं म्हणायचे. त्या हसायच्या. उशाशी भरून ठेवलेला तांब्या रोज रिकामा व्हायचा, त्यामुळे शंका आली नाही. खिडकीतला मोगरा तेवढा मुळाशी कुजत चालला होता. मी माझ्या खताला दोष दिला.

ताप चढला तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?"

"तांब्या रोज संपतो," मी ठणकावून सांगितलं.

सासूबाईंनी माझा हात धरला. "मोगऱ्याला घालत होते गं. तुला तेवढाच कचरा कमी."

लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. पाचव्या दिवशी त्या गेल्या. केळ्याची साल कुठल्या डब्यात टाकायची हे मी अख्ख्या बिल्डिंगला शिकवलं, आणि घरातलं माणूस माझ्या एका वाक्यापायी तहानलेलं राहिलं. माझी मलाच चीड येते.

तेराव्यानंतर कचरा नेणाऱ्या बाई गावाहून परतल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. पिशवी उचलून त्या दाराशी घुटमळल्या.

"ताई, लाल फुलीवालं नाय आज?"

"नाही," मी म्हटलं. "आता एकच."