किल्लीमामांचं स्टूल

इतिहास विभागात एकोणीस वर्षं एकच वाद चालू होता: साम्राज्य कशाला म्हणायचं? दाढीवाले सर म्हणत, दुसऱ्यांचे मुलूख जिंकून त्यांच्यावर राज्य केलं की साम्राज्य. विभागप्रमुख बाई म्हणत, छे, मुलूख न जिंकताही माणसं मुठीत ठेवता येतात. या वादाला चहा पुरवता पुरवता शिपाई किल्लीमामांचे केस पिकले. त्यांना हवं होतं फक्त व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीजवळ असलेलं आपलं स्टूल. त्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं त्यांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान दिसे. दुपारी तिने हिरवा पडदा ओढला की मामा जेवायला जात. दिवसभरात दोघं निवांत बोलत ती तेवढ्या अर्ध्या तासात, आणि मामांचा जीव त्या अर्ध्या तासात होता.

वाद वाढला तशी पुस्तकं वाढली. "मामा, भूगोलवाल्यांचं एक कपाट उघडून द्या, तात्पुरतं," बाई म्हणाल्या. इमारतीच्या सगळ्या किल्ल्या मामांकडे. त्यांनी दिलं उघडून. मग कपाटाच्या सुरक्षेसाठी ती खोली लागली, खोलीच्या सुरक्षेसाठी पलीकडची. भूगोलवाले जिन्याखाली गेले आणि दर सोमवारी आपलेच नकाशे बघायला मिळावेत म्हणून अर्ज करू लागले. अर्ज तपासणाऱ्या समितीत त्यांचाच एक माणूस घेतला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. हे साम्राज्य झालं का, असं कुणीतरी विचारलं तर सर म्हणाले, "आत्ताच कसं सांगणार? व्याख्या ठरायची आहे."

मामा हे जेवताना हसत सांगत. बायको हसली नाही. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," ती म्हणाली. "उद्या तुमच्या स्टुलावर येईल."

"माझ्या स्टुलाला कोण विचारतंय?" मामा म्हणाले.

महिन्याभरात व्हरांडाही विभागात घ्यायचं ठरलं. स्टूल जिन्याखाली न्यायचा हुकूम निघाला. त्याच सकाळी मामा बाईंच्या लेखाच्या प्रती काढत होते. त्यात एक ओळ होती: साम्राज्य बाहेरच्यांच्या बळावर टिकत नाही, आतली माणसंच त्याला दारं उघडून देतात. मामांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. ते तडक जाऊन स्टुलावर बसले, किल्ल्यांचा जुडगा मांडीखाली घेतला आणि म्हणाले, "मी उठणार नाही. दारंही उघडणार नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "सर, लवकर या. प्रतिकार सुरू झालाय."

दोघांनी फोटो काढले, मामांची जबानी घेतली. असं आधी कधी वाटलं होतं का, हे तीनदा विचारलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं: हे साम्राज्यच. आता स्टूल हलवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. हुकूम रद्द झाला.

मामा जिंकले.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चिठ्ठी होती: पुरावा क्रमांक सात. भोवती खिडकीपर्यंत दोरी बांधलेली.

"मग मी बसू कुठे?" मामांनी विचारलं.

"जिन्याखाली बसा ना. पुराव्यावर कसं बसणार, मामा?" बाई मायेने म्हणाल्या. "आणि लक्ष ठेवा हं, तुमच्याइतकं विश्वासू दुसरं कोण आहे?"

दुपारी भूगोलाचे एक थकलेले सर दोरी ओलांडून स्टुलावर टेकले. मामांनीच त्यांना उठवलं. समोर हिरवा पडदा केव्हाच ओढलेला होता, पण दोरीच्या अलीकडून तो दिसत नव्हता.