आधी हाल, मग ऑइल

इथे परदेशात, पिस्कॅटवे गावात, माझ्या गाडीचं ऑइल बदलायला दहा मिनिटं लागतात आणि त्याआधी पाऊण तास. गॅरेजवाले काका बलुचिस्तानचे. त्यांच्याकडे रिवाजच असा, की आलेल्या माणसाकडून आधी सगळा हाल, म्हणजे खबरबात, ऐकायचा, मग बाकीचं. पहिल्या दिवशी मी "ऑल गुड" म्हणत किल्ली पुढे केली, तर त्यांनी स्टूल पुढे केलं.

"हा काय हाल झाला? घरून निघालास तिथून सांग."

सख्ख्या आईला फोनवर दोन वाक्यांत गुंडाळणारा मी. पण यांना व्हिसाचं रिन्यूअल, शेजाऱ्याने पाडलेलं झाड, सासूबाईंचा गुडघा, सगळं सांगून बसलो. काका पान्याने पाठ खाजवत ऐकतात. मी घाई केली की म्हणतात, "थांब, गुडघा राहिला."

बायको विचारते, "तू ऑइल चेंजला जातोस की थेरपीला?"

परवा मीच आधी विचारलं, "काका, तुमचा हाल?"

"खैर आहे," ते म्हणाले. वाईट बातमी असली तरी त्यांच्यात सुरुवात अशीच करतात. मग त्यांनी पाना खाली ठेवला. "धाकट्या भावाला वर्दीवाल्यांनी गावातून उचलून नेलं, सहा वर्षं झाली. सरकारी कचेरीत विचारलं की दोन शब्दांत उत्तर मिळतं, 'माहीत नाही'. म्हणून मला दोन शब्दांचा हाल चालत नाही."

मी किल्ली खिशात टाकली, स्टूल ओढलं आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी ऑइल बदलायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.