पहिली आली, शिकली नाही

बिराजदार मॅडम गेल्याचा फोन शाळेत मधल्या सुट्टीत आला. लातूरच्या दवाखान्यात त्या आठवडाभर होत्या, पण इतक्या लवकर जातील असं कुणाला वाटलं नव्हतं. मुख्याध्यापक मान खाली घालून म्हणाले, "दुपारचे तास सोडून द्या. श्रद्धांजली म्हणून." मुलं दप्तरं उडवत फाटकाबाहेर गेली. आजारी असतानाही जिने कधी तास बुडवला नाही, तिला आम्ही तास बुडवून निरोप दिला... तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मॅडम शिरूर अनंतपाळच्या. वडिलांचं किराणा दुकान, घरात शिवपूजा, आणि ही लेक मात्र विज्ञान घेऊन बीएड झालेली. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या आल्या तेव्हा मी मराठी शिकवत होते. शाळा मुलामुलींची एकत्र, पण प्रयोग करायची वेळ आली की मुलं पुढं आणि मुली मागं, वही धरून. प्रयोगशाळेचं सामान तर तपासणीपुरतंच बाहेर निघायचं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ते वर्गात आणलं. "आज पोरी हात लावतील, पोरं लिहितील," म्हणाल्या. मुलं कुरकुरली. एका मुलीच्या हातून परीक्षानळी फुटली, ती रडायला लागली. मॅडम काचा गोळा करत म्हणाल्या, "फुटू दे. शिकायलाच आणलीय ती."

त्यांचं संस्थेशी बिनसलं ते दहावीच्या परीक्षेत. केंद्र आमच्याच शाळेत होतं. भूमितीच्या पेपरला बाहेरचा एक माणूस सरळ वर्गात आला आणि उत्तरं वाचून दाखवू लागला. सगळ्यांनाच ते ठाऊक होतं, दरवर्षीचंच होतं. त्या वर्गावर मॅडम होत्या. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. पेपर सुटल्यावर फाटकापाशी पालक जमले. संस्थेचे अध्यक्ष गाडीतून उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पोरायचं नुकसान करून राहिलात तुम्ही."

"नुकसान आधीच झालंय, साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गणिताला वर्षभर मास्तर न्हाई. तव्हा कुणीच आलं न्हाई फाटकावर."

उरलेल्या पेपरांना त्यांना वर्ग दिला नाही. जूनमध्ये बिलोलीकडच्या शाखेत बदली झाली. त्या वर्षी निकाल चांगला लागला, फटाके वाजले, बसस्टँडवर मोठा फलक लागला आणि त्यावर सविताचा फोटो. शाळेत पहिली. विज्ञानात जवळपास पैकीच्या पैकी, तिच्या तुकडीला मॅडमचा तास कधी नसतानाही.

ही सविता अकरावीला लातूरला गेली आणि दिवाळीआधीच परत आली. वर्गात काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. साधा आलेख वाचता येत नव्हता. हुशार पोर, पण तिला आम्ही तीन वर्षांत काहीच दिलं नव्हतं, मार्क सोडून. घरात ती तोंड लपवून बसली, वडील स्थळं बघू लागले. मॅडमना माझ्याकडून हे कळलं. शनिवारी बिलोलीहून एसटीनं त्या अहमदपूरला स्वतःच्या घरी येत. एकदा तिथून त्या सविताच्या गावी गेल्या आणि तिच्या वडिलांपुढं आठवीचं पुस्तक ठेवलं.

वडील दुखावले. "आठवीचं कशाला, मॅडम? माझी पोरगी पहिली आलेली हाय."

"पहिली आली, दादा. शिकली न्हाई. त्यात तिची चूक न्हाई, आमची हाय."

दर रविवारी त्या सविताला आपल्या घरी बसवून शिकवत राहिल्या. आठवीपासून, पायरी पायरीनं. सविता पुढं बारावी झाली, साध्याच मार्कांनी. पण त्या पेपरांची उत्तरं कुणी तिला वाचून दाखवली नव्हती. आता ती नांदेडला बीएस्सी करते आहे.

शोकसभेला ती आली होती. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की शाळेच्या उज्ज्वल निकालाच्या परंपरेत बिराजदार मॅडमचा मोठा वाटा आहे. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. तेवढ्यात सविता उभी राहिली. "दहावीचे मार्क माझे न्हवते," ती म्हणाली. "मॅडमनी नंतर शिकवलं, तेवढंच माझं हाय." मग सूत्रसंचालकांनी वेळेअभावी पुढचं नाव पुकारलं.

परवा रविवारी मॅडमच्या यजमानांना भेटायला गेले. पुढच्या खोलीत सतरंजीवर दहावीच्या मुली बसल्या होत्या, आमच्याच शाळेच्या. शिकवत होती सविता. सुट्टीला आली की ती इथंच असते, यजमानांनी सांगितलं. आमच्याकडं मॅडमची विज्ञानाची जागा अजून भरलेली नाही. वेळापत्रकात तास आहे, त्या तासाला या मुली व्हरांड्यात बसून असतात. फेब्रुवारीत मात्र त्यांना उत्तरं पुरवायला माणसं हजर होतील, आणि आम्ही त्याला निकाल म्हणू.

सविता एकीला म्हणाली, "कळलं का?"

"हाव," मुलगी म्हणाली.

"हाव न्हाई. तुझ्या शब्दात सांग."

मॅडम अगदी असंच विचारायच्या. मुलगी अडखळली, तिनं पुन्हा सुरुवात केली... सविता थांबून राहिली, उत्तर तिनं सांगितलं नाही. आतल्या दारात यजमान उभे राहून ऐकत होते.