नैवेद्याआधीचा डबा

वडनेरच्या आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाचा एक नियम होता. नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काही कोणी चाखायचं नाही. मीठसुद्धा आई अंदाजाने टाकायची.

माझाही एक नियम होता. वर्ध्याला वर्तमानपत्रात लागल्यावर मी ख्रिस्ती झालो. बाप्तिस्म्यानंतर पास्टरांनी ज्या गोष्टी सोडायला सांगितल्या, त्यात नैवेद्याचं अन्न होतं. मी ते सोडलं. बाकीचा विश्वास कुठे मोजायचा हे कळत नव्हतं. हा नियम मात्र बातमीतल्या तारखेसारखा तपासता यायचा. बरोबर किंवा चूक.

दोन्ही नियम एका घरात बसत नव्हते. आईने आपला मोडला. दरवर्षी नैवेद्याच्या आधी ती पुरणपोळी, कढी, वडे, आंबील माझ्यासाठी स्टीलच्या डब्यात काढून ठेवू लागली. शेजारच्या काकू एकदा अंगणातून म्हणाल्या, "काऊन वं, देवीच्या आधी पोरगा जेवते का तुह्या घरी?"

"देवीले उपाशीपोटी बसमधे उलट्या नाई होत," आई म्हणाली. "याले होतात."

जेवणाआधी मी डोळे मिटून प्रार्थना करायचो. तेवढा वेळ ती पोळी हातात धरून उभी राहायची. "झालं तुह्यं?" म्हणायची, मग वाढायची.

यंदा उन्हाळ्यात तिला लकवा झाला. सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवी बाजू आणि बोलणं गेलेलं होतं. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक वहिनीकडे आला. तिने फोनवर आधीच सांगितलं, "भाऊजी, आधी काढून ठेवनं माह्याच्यानं नाई होनार. मले भेव वाटते." त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

मी पास्टरांना विचारायला गेलो. ते आता म्हातारे झालेत. अंगणात कपडे वाळत घालत होते.

"खाऊ की नको?"

"मले काऊन विचारून राह्यला? बाप्तिस्मा घेतला तवा तू विश्वासात लेकरू होता, म्हणून सांगतलं. आता कोनाचं नुकसान होते ते पाय, आन् ठरव."

"आणि चुकलो तर?"

"त चुकशीन," ते म्हणाले. "तो चिमटा दे इकडे."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बस पकडून घरी गेलो.

आरतीनंतर पानं वाढली. मी ताट घेऊन आईच्या खाटेजवळ बसलो, तिला भरवायला. तिने तोंड घट्ट मिटलं. डावा हात स्वयंपाकघराकडे करून घशातून आवाज काढत राहिली. दादाला कळेना. मला कळलं. ती डबा मागत होती. माझं जेवण निघाल्याशिवाय ती जेवणार नव्हती, आणि तिच्या गोळ्या जेवणानंतरच्या होत्या.

"आई, आता चालते मले हे," मी म्हणालो आणि ताटातला घास उचलला.

तिने माझं मनगट पकडलं. त्या एका हातात अजून जोर होता.

"चालते, आई. खरंच."

ती सोडेना. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अबे, डोळे मिट ना," दादा मागून म्हणाला. "तुह्यी प्रार्थना राह्यली. आई थांबून आहे."

मी घास ताटात ठेवला आणि डोळे मिटले. शब्द आले नाहीत. काही वाटलंही नाही. पुरणाचा वास येत होता, बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. नेहमी लागायचा तेवढा वेळ जाऊ दिला आणि आमेन म्हणालो.

मनगट सुटलं. मी घास खाल्ला. कढीत मीठ कमी होतं. मग पोळीचा तुकडा दुधात कुस्करून तिच्या ओठांशी नेला. मी चावतोय हे तिने आधी नीट पाहिलं, मग तोंड उघडलं.