सासरवाडीच्या डेगीला जावयाचा हात

सासरवाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डेगीला मुळात सुईच्या टोकाएवढं भोक होतं. मी ते बुजवलं, आणि बुजवून झाल्यावर ते चौतीस मिलिमीटर भरलं. (व्हर्नियरनं मोजलंय. अंदाजानं बोलायची मला सवय नाही.)

ही डेग म्हणजे उदगीरच्या आमच्या सासऱ्यांच्या भावकीची इभ्रत. बारसं असो की लग्न, वरण शिजणार ते त्याच डेगीत. मंडपवाल्याकडून भाड्यानं डेग आणायची म्हणजे भावकी संपली, असं गावात दवंडी पिटून सांगण्यासारखं. आणि नेमकी माझ्या मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्याच्या तोंडावर या इभ्रतीला गळती लागली. उदगिरात अ‍ॅल्युमिनियम जोडणारे चांगले कारागीर आहेत. पण माझ्या पत्नीनं, सुनंदानं, आप्पांना म्हणजे माझ्या सासऱ्यांना नांदेडहून फोनवर सांगून टाकलं, "बाहेर कशाला देता आप्पा? आमच्या ह्यांनी वेल्डिंगची टिग मशीन घेतलीय."

घेतली होती, हे खरं. आमच्या जिन्याचा कठडा जोडणाऱ्याला मी पट्टी लावून त्याचे वाकडे सांधे दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "मग तुम्हीच करा की साहेब." मी नोकरीनं हिशेबतपासनीस. कोणी काही म्हणालं की मी ते अक्षरशः घेतो. मशीन आणून मी स्टीलच्या दोन पट्ट्या जोडल्या. त्या उत्तम जोडल्या गेल्या. (खालच्या लोखंडी टेबलालाही जोडल्या गेल्या, पण ते वेगळं यश.)

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मेहुणा बालाजी टेम्पोत डेग घालून आमच्या मागच्या अंगणात हजर झाला. आडतीवर बसणारा, घाईचा माणूस. त्याची अपेक्षा अशी की दाजींनी बटण दाबावं, ठिणगी पडावी आणि त्यानं परत निघावं. मशीनवर तशी सोय होतीही. एक साधा पर्याय होता, तो निवडला की बाकीचं मशीन आपलं आपण बघतं. पण साध्यावरच भागवायचं, तर कंपनीनं एवढी प्रगत सेटिंगं काय शोभेला दिली होती? मी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली.

मी तीन व्हिडिओ पाहून ठेवले होते. करंट एकानं साठ सांगितला होता, दुसऱ्यानं नव्वद, तिसऱ्यानं दीडशे. माणूस गोंधळून गेला असता. मी सरासरी काढली, शंभर. गॅसची सरासरी काढली, पल्सची काढली. एसी की डीसी, याची मात्र सरासरी निघेना. तेव्हा मी लोकशाही मार्गानं गेलो. तिघांपैकी दोघे डीसी म्हणत होते, म्हणून बहुमतानं डीसी! (ते दोघे स्टील जोडत होते आणि अ‍ॅल्युमिनियमला एसीच लागतो, हे मला नंतर कळलं. अल्पमताचं ऐकून घ्यावं, ते यासाठी.)

पुढं टॉर्चच्या, म्हणजे हातात धरून जाळ पाडायच्या दांडीच्या, बटणाचा प्रश्न आला. तिथं टू-टी आणि फोर-टी असे दोन प्रकार. दोनापेक्षा चार मोठे, एवढं गणित मला येतं.

"दाजी, आधी काजळी घासून काढावी लागती का?" बालाजीनं विचारलं.

पुस्तिकेत साफसफाईचं पान सर्वांत शेवटी होतं. मी क्रमानं जाणारा माणूस. "ते नंतर," मी म्हणालो आणि हेल्मेट खाली ओढलं.

बटण दाबलं. निळा जाळ पडला, पण डेग वितळायचं नाव घेईना. काळी साय धरल्यासारखी नुसती सुरकुतत राहिली. एकदम तिचा पोटाकडचा भाग खाली ओघळू लागला. मी घाबरून बटण सोडलं. तेव्हा फोर-टीचं मर्म समजलं: त्यात बटण सोडलं की करंट बंद होत नाही, पूर्ण चढतो!

"दाजी, सोडा की!"

"सोडलंय!"

आता कोणाही सामान्य माणसानं टॉर्च उचलून बाजूला घेतला असता. पण पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की काम संपल्यावर गॅस थांबेपर्यंत टॉर्च जागचा हलवू नये. मी हलवला नाही. सूचना पाळणं माझ्या रक्तात आहे. खालची जागाच नाहीशी झाली, तरी मी जागेवर टॉर्च धरून उभा होतो. शेवटी बालाजीनं भिंतीवरचं बटण बंद केलं. डेगीतून मला माझी चप्पल स्वच्छ दिसली.

आमच्या सासरवाडीत जावयाला कोणी बोलत नाही, अशी रीत आहे. मी ती सुखाची समजत होतो. बालाजीनं भोकाकडं बघितलं आणि म्हणाला, "डेगच म्हातारी झाली व्हती, दाजी. तुमचं काई न्हाई." फोनवर आप्पा म्हणाले, "नांदेडला करंटच धड येत न्हाई आजकाल." सासूबाईंनी तर हाताला भाजलं का, म्हणून विचारलं. एकानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. रीत लागू नव्हती ती फक्त सुनंदाला, आणि तिनं उदगीर येईपर्यंत गाडीत मला मशीनची किंमत तीनदा विचारली.

साखरपुड्याला वरण भाड्याच्या डेगीत शिजलं. तिच्यावर मंडपवाल्याचं नाव लाल रंगात, लांबून वाचता येईल असं. पाहुणे ते वाचत होते आणि आप्पा प्रत्येकाला आपण होऊन हवामानाविषयी सांगत होते. मी पंगतीत मानाच्या पाटावर, चांदीच्या ताटासमोर, मान खाली घालून.

तेवढ्यात होणारा नवरदेव पाया पडायला आला. लातूरचा, सालस पोरगा. "मामाजी, तुमच्याकडं टिग मशीन हाय म्हणं," तो म्हणाला. "माझ्या मोटारसायकलचं इंजिन कव्हर तडकलंय. अ‍ॅल्युमिनियमचं हाय. आणून देऊ का?"

पंगत थांबली. बालाजीच्या हातातला घास हातातच राहिला. आप्पांनी तोंड उघडलं, रीत आठवली, मिटलं. पोरीचं अजून लग्न व्हायचं होतं.

सुनंदा वरण वाढत होती. पळी न थांबवता ती म्हणाली, "मशीन विकली त्यांनी."

मशीन विकल्याचं मला तिथंच कळलं.

"हाव," मी म्हणालो. "विकली."

नवरदेव हळहळला. आप्पांनी मोठ्यानं श्वास सोडला, स्वतः उठून माझ्या भातावर तुपाची धार धरली आणि ती बराच वेळ थांबवली नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून सासरवाडीचं एवढं मोठं काम कधी झालं नव्हतं.